एका गेटला साडेतीन माणसं

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, तुझ्या क्षेत्राविषयी बोल. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. माझं क्षेत्र म्हणजे गेट. आधी कारखान्याच्या सुरक्षा विभागात होतो, नंतर सोसायट्यांना रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीत सुपरवायझर.

राखणीचं काम आपल्याकडे फार जुनं. गावगाड्यात रामोशी राखणदारी करत. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढत ते शिवेपर्यंत जात. माग शेजारच्या गावात शिरला की जबाबदारी तिकडच्या राखणदाराची. माग लागलाच नाही, तर भरपाई द्यायची पाळी यांच्यावर यायची. जोखीम मोठी होती, पण गावाच्या धान्यात त्यांचा हक्काचा वाटाही होता.

शहरात आपण गुरखा पाहिला. रात्री शिट्टी, रस्त्यावर काठीचा आवाज, आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार फिरून गोळा केलेले पैसे. त्याच्याकडून अपेक्षा एकच: त्याने जागं राहायचं.

कारखान्यांत ठेकेदाराचे रक्षक आले आणि पिळवणूकही आली. त्यावर महाराष्ट्राने १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. धर्ती १९६९ च्या माथाडी कायद्याची. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, शिवाय फंड, रजा, बोनस. 'मुलगा मंडळात आहे' हे लग्नाच्या बोलणीत सांगायला बरं वाटायचं! पुढे २००५ मध्ये एजन्सींना परवाना सक्तीचा करणारा केंद्राचा कायदा आला. त्याच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. तुमच्या गेटवरच्या माणसाला त्यातलं किती मिळालं, हे त्यालाच विचारा. २६ नोव्हेंबर २००८ नंतर हॉटेल-मॉलच्या दारात गाडीखाली आरसे सरकवणारे रक्षक दिसू लागले. अधिकार मात्र वाढले नाहीत. चोर पकडण्याचा त्याला कायद्याने तेवढाच अधिकार आहे, जेवढा तुम्हाला-मला.

आता सोसायटीत या. मोबाइलच्या ॲपवर पाहुण्याची नोंद, पार्सलं सांभाळणं, पाण्याचा पंप, कॅमेऱ्याच्या पडद्यावर लक्ष, लिफ्टमध्ये अडकलेल्यांना धीर देणं. आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्या आजी-आजोबांकडे रात्री दोन वाजता पहिला पोचणारा माणूस तोच. यातलं निम्मं काम करारात लिहिलेलंच नसतं. पण सायकल हरवली की पहिला संशय त्याच्यावर, आणि कित्येकदा पगारातून कापणीही त्याच्याच. भरपाईची जुनी रीत राहिली, धान्याचा वाटा गेला.

आता थोडं गणित. कुलकर्णी सरांच्या तासाला माझं कच्चं होतं, पण हे पक्कं आहे. आठवड्याचे तास १६८. आठ तासांची पाळी आणि एक सुट्टी धरली तर एका माणसाचे ४८. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं लागतात, आणि त्यात आजारपण, सणाची रजा धरलेली नाही. एजन्सीच्या कोटेशनमध्ये माणसं किती असतात? दोन. म्हणजे प्रत्येकी ८४ तास, सुट्टीशिवाय. दुसरा आला नाही की सलग चोवीस तास. कमिटीच्या मीटिंगमध्ये 'वॉचमन झोपतो' अशी तक्रार येते, ती बहुतेक वेळा अशाच गेटवरून आलेली असते.

स्वस्त कोटेशन स्वस्त का, हे एजन्सीवाला सांगणार नाही. मी त्या बाजूच्या टेबलावर बसलोय, म्हणून सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण सेक्रेटरी, खजिनदार आहात. करार करताना हजेरीपट मागा. प्रत्येक गेटपुढे किती नावं आहेत ती मोजा. फंडाच्या चलनात तीच नावं आहेत का ते ताडून बघा. आणि केबिनमध्ये पंखा, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृहाची चावी आहे का, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. चावी बहुधा नसते.

माझा फोन नंबर संयोजकांकडे आहे. कोटेशन घेऊन या, बसून वाचू. चहा तुमचा.