जोडणी कोठें तुटली?

मी जन्मभर शाळामास्तर होतों. मुलांच्या वह्या तपासतां तपासतां एक गोष्ट मी त्यांना हरघडी सांगत आलों, ती ही, कीं आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तराला हात घाला. आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो माझ्या पेशाचा नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि घरांत संगणक आला तो मी निवृत्त झाल्यानंतर. परंतु इंटरनेटची जोडणी तुटली म्हणजे ब्राउझर जो मजकूर दाखवितो तो आपण वाचीतच नाहीं, नुसते घाबरतों, हें मीं आमच्या आळींत इतक्या घरीं पाहिलें आहे, कीं त्याविषयीं चार शब्द सांगण्याचा अधिकार मला असावा असें वाटतें.

गेल्या वर्षींच्या जून महिन्यांतील गोष्ट आहे. शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलगी दहावी उत्तीर्ण झाली होती. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळीं पांचपर्यंत, आणि सवातीन वाजून गेलेले. कपाटाखालीं कित्येक महिने पडून असलेला जुना संगणक त्यांनीं त्या दिवशीं बाहेर काढला होता. पत्ता घातला कीं पडद्यावर लाल खूण आणि 'आपली जोडणी खासगी नाहीं' असा इशारा! पुनःपुन्हां तेंच. "आजोबा, जरा येतां का?" म्हणून ती आमच्या दारांत येऊन उभी राहिली, तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी होतें.

मी जाऊन पाहतों तों तिचे वडील मोबाइलवर कोणाशीं तरी बोलत होते. मदतीसाठीं म्हणून शोधयंत्रांत जो पहिला क्रमांक सांपडला तो त्यांनीं फिरविला होता. पलीकडचा इसम मोठ्या आर्जवानें सांगत होता, कीं एक लहानसें ॲप उतरवून घ्या, त्यांत दिसणारे आंकडे मला वाचून दाखवा, आणि नोंदणीचे दहा रुपये भरा. मीं खुणेनें फोन बंद करावयास लावला. ते किंचित् रागावलेच. पण श्रोतेहो, असलें ॲप आपल्या मोबाइलचा पडदा त्या परक्या माणसापुढें उघडा करून ठेवतें. दहा रुपये भरतांना आपण जो गुप्त आंकडा टाइप करतों, बँकेकडून जो संकेत येतो, तें सारें त्याला तिकडे बसल्या बसल्या दिसतें. जोडणी बिघडलेल्या घाईच्या क्षणींच हे लोक गांठतात. कोणाचे पैसे असे गेलेच, तर लाज न धरतां व वेळ न दवडतां १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें. तें जितक्या लवकर होईल तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक.

मुलीच्या अर्जाचें काय झालें तें पुढें येईलच. त्याआधीं ही जोडणी म्हणजे काय हें पाहूं. आपण जिला एक जोडणी म्हणतों ती वस्तुतः चार-पांच टप्प्यांची वाट आहे. आपलें यंत्र, घरांतला राउटर, सेवा देणाऱ्या कंपनीची तार, नांवांची निर्देशिका, आणि शेवटीं ज्या संगणकावर तें पान ठेवलेलें आहे तो. ह्यांपैकीं कोठें खंड पडला तें ब्राउझर बहुतेक वेळां सांगत असतो.

पहिली परीक्षा अगदीं साधी. तेंच पान घरांतल्या दुसऱ्या यंत्रावर उघडतें का? आणि ह्याच यंत्रावर दुसरें एखादें पान उघडतें का? ह्या दोन प्रश्नांनींच निम्मा उलगडा होतो. दोन्ही यंत्रें मुकी असतील तर दोष राउटरांत किंवा त्याच्या पलीकडे. एकच यंत्र मुकें असेल तर दोष त्या यंत्रांत. कोणाच्या नातवानें चुकून विमानाचें चिन्ह दाबलेलें असतें, किंवा व्ही. पी. एन. चालू राहिलेला असतो. क्रोम ब्राउझरांत अशा वेळीं एक लहानसा डायनासोर उभा राहतो. २०१४ सालापासून तो तेथें आहे, व कळपट्टीवरील लांब कळ दाबली कीं उड्या मारूं लागतो. मुलांना जोडणी परत न आली तरी चालतें तें त्याच्यामुळेंच! तो दिसला म्हणजे इतकेंच समजावें, कीं आपलें यंत्र घराबाहेर पडलेलेंच नाहीं.

संगणकाच्या जोडणीची माहिती उघडून पाहिली व त्याचा अंकांतील पत्ता १६९.२५४ असा सुरू होत असला, तर राउटरनें त्याला पत्ताच दिलेला नाहीं व त्यानें आपल्यापुरता एक लावून घेतला आहे असें जाणावें. अशा वेळीं राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावें, मग सुरू करावी, आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटें धीर धरावा. मात्र राउटरच्या पाठीशीं एक बारीक भोंक असतें, त्यांत टांचणी खुपसूं नये. त्यानें राउटर कारखान्यांतून निघाला तसा कोरा होतो, कंपनीनें भरून दिलेलें नांव व परवलीचा शब्द पुसला जातो, आणि मग तिच्या माणसाची वाट पाहत बसावें लागतें. मीं स्वतः हा उपद्व्याप केला आहे. दोन दिवस घरांत कोणी माझ्याशीं धड बोललें नाहीं.

ज्यांच्याकडे कांचेच्या तंतूची तार आहे त्यांच्या पेटीवर एल. ओ. एस. अशा अक्षरांचा एक दिवा असतो. तो तांबडा झाला कीं प्रकाशच आपल्या घरापर्यंत पोंचत नाहीं. तार कोठें तरी तुटली असेल, उंदरानें कुरतडली असेल, किंवा कपाटामागें काटकोनांत मुडपली गेली असेल. मुडपलेली दिसली तर हलकेंच मोकळी करावी. एरव्हीं तक्रार नोंदवून स्वस्थ बसावें.

आतां निर्देशिकेकडे वळूं. संगणक एकमेकांना आंकड्यांनीं ओळखतात, नांवांनीं नव्हे. प्रारंभीं साऱ्या नांवांची यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एकाच फाइलींत ठेवलेली असे, व ज्याला हवी त्यानें तिची नक्कल उतरवून घ्यावी अशी वहिवाट होती. यंत्रें वाढलीं, यादी आवरेनाशी झाली, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस ह्यांनीं ती अनेक ठिकाणीं वांटून ठेवण्याची पद्धति रचली. तिलाच डी. एन. एस. म्हणतात. ब्राउझरनें ह्या तीन अक्षरांचा उच्चार केला, किंवा 'एन. एक्स. डोमेन' असें कांहीं दाखविलें, कीं ह्या नांवाचें बिऱ्हाड यादींत सांपडलें नाहीं असा त्याचा अर्थ. शेंकडा किती वेळां तें मीं मोजलेलें नाहीं, पण माझ्या बाबतींत पुष्कळदां पत्त्यांत एखादें अक्षर चुकलेलें निघतें. शुद्धलेखनाचें महत्त्व मुलांना पटत नसे. ब्राउझर तें पटवून देतो. पण पत्ता बरोबर असून सगळींच नांवें सांपडत नसतील, तर कंपनीची निर्देशिका बंद पडलेली असूं शकते. अशा वेळीं जोडणीच्या मांडणींत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे आंकडे घालून दुसरी सार्वजनिक निर्देशिका वापरतां येते. पहिली गूगलची, दुसरी क्लाउडफ्लेअरची.

कधीं कधीं दोष आपल्याकडे मुळींच नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम हीं तिन्ही जगभर नाहींशीं झालीं. कंपनीच्या स्वतःच्या देखभालींत झालेल्या चुकीमुळें तिच्या निर्देशिकेकडे जाणारे रस्तेच नकाशावरून पुसले गेले होते. सुमारें सहा तास हा प्रकार चालला. त्या रात्रीं आमच्या आळींत किती राउटर विनाकारण बंद-चालू झाले असतील! म्हणून म्हणतों, दुसरें पान उघडून पाहावें.

'वेळ संपली' आणि 'नाकारलें' हे दोन संदेशही एक नव्हेत. पहिल्यांत आपण दार ठोठावलें व आंतून कोणी ओ दिली नाहीं. दुसऱ्यांत कोणीतरी दार उघडून तोंडावर लावून घेतलें. ४०४ हा आंकडा दिसला तर जोडणी उत्तम आहे, घरही सांपडलें आहे, फक्त मागितलेली खोली तेथें नाहीं. ५०० च्या घरांतले आंकडे म्हणजे त्यांच्याकडची अडचण. तेथें थांबण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि पैसे भरतांना असें झालें, तर पुन्हां कळ दाबण्यापूर्वीं बँकेचा संदेश आला आहे का तें पाहावें, नाहींतर एकाच कामाचे दोनदां पैसे जातात.

आतां पुन्हां त्या मुलीच्या संगणकापाशीं येऊं. मीं चष्मा चढविला आणि इशाऱ्याखालचा बारीक मजकूर वाचला. त्यांत तारखेचा व घड्याळाचा स्पष्ट उल्लेख होता! खालच्या कोपऱ्यांत पाहिलें, तर संगणकाच्या मतें तो दिवस १ जानेवारी २०१४ हा होता. प्रत्येक सुरक्षित स्थळाजवळ एक प्रमाणपत्र असतें, व त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०१४ सालांत बसलेल्या संगणकाला तें प्रमाणपत्र अजून जन्मास यावयाचें होतें. मग त्यानें तें खोटें ठरविलें ह्यांत त्याचा काय दोष? संगणकाच्या पोटांत बटणासारखा एक लहान सेल असतो; वीज नसतांना घड्याळ त्यावर चालतें. तो इतक्या महिन्यांत संपला होता.

आम्हीं तारीख व वेळ दुरुस्त केली, ब्राउझर बंद करून पुन्हां उघडला, आणि पान आलें. एक सांगून ठेवतों : घड्याळ बरोबर असूनही हा इशारा येत राहिला, तर 'तरीही पुढें जा' ह्या कळीला हात लावूं नये, विशेषतः बँकेच्या पानावर. मधें कोणीतरी बसलेला असण्याचा तो संभव आहे. स्टेशनावरील किंवा हॉटेलांतील फुकट वायफाय असेल, तर त्यांच्या नोंदणीचें पान आधीं पुरें करावयाचें राहिलेलें असतें, तेंही पाहावें.

अर्ज चार वाजून दहा मिनिटांनीं गेला, व पोंच आली. दुसऱ्या दिवशीं मुलीनें स्वतः जाऊन तो सेल आणला आणि स्क्रू काढून माझ्यादेखत बसविला. ती आतां दुसऱ्या वर्षांत आहे. तिच्या वडिलांनीं मात्र त्या फोनचा विषय अद्याप माझ्यापाशीं काढलेला नाहीं.