हॉलंडची सायकल-सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. हळदीकुंकवाला आलेल्या दोघीतिघींना मी ही हकीगत सांगितली, ती चिटणीसबाईंच्या कानावर गेली आणि आज ही पाळी आली. चुकले तर सांभाळून घ्यावे.

हॉलंड आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या वेंगुर्ल्याची पडकी डच वखार त्याच लोकांची, सतराव्या शतकातली. पण ही माणसे कसल्या मुलखातून आली असतील, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. माझी धाकटी जाऊ तिकडे आइंडहोव्हनला असते. 2024 च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिच्या ओळखीच्या बायकांची आठ दिवसांची सहल ठरली होती. एकीला ऐनवेळी जमेना. "वहिनी, तुम्ही लहानपणी सायकल चालवत होता ना?" जावेने विचारले. चालवत होते, पण तासावर भाड्याने घेऊन, आणि तीही सातवीपर्यंत. तरी 'हो' म्हणून बसले.

सहलीची रीत अशी. आमच्या सामानाची आणि निजण्याची सोय एका बार्जवर. बार्ज म्हणजे लांबट, सपाट बुडाची बोट. पूर्वी ज्या बोटींतून माल वाहत, त्यांतल्या कित्येकींच्या पोटात आता खोल्या केल्या आहेत. आमची खोली एवढी अरुंद, की एकीने केस विंचरायचे तर दुसरीने बिछान्यावर पाय वर घेऊन बसायचे! सकाळी न्याहारीच्या टेबलावरूनच पाव, चीज घेऊन दुपारचा डबा आपला आपण बांधायचा. पावाला लोणी लावून वर चॉकलेटचे बारीक दाणे पेरतात आणि मोठी माणसेही ते मिटक्या मारीत खातात. मी कुळथाचे पीठ नेले होते. एका संध्याकाळी पिठी केली, ती स्वयंपाक्याने दोनदा मागून घेतली. डबा झाला की सायकलीवर निघायचे. बोट कालव्याने पुढे जाते आणि संध्याकाळी ठरल्या गावी भेटते. रोजचे पस्तीस-चाळीस किलोमीटर होत. ट्यूलिपची फुले मात्र संपली होती. ती पाहायची तर एप्रिलात जावे.

पहिल्याच दिवशी मी पडले. आपल्या सायकलीचे पायडल उलटे फिरवले तर काही होत नाही, तिथल्या पुष्कळ सायकलींना तोच ब्रेक असतो! थांबताना पाय जुळवायला मी सवयीने पायडल मागे घेतले, सायकल जागच्या जागी थबकली आणि मागची बाई माझ्यावर आली. गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी मी बोटीवरच राहिले. कप्तानाशेजारी बसून कालव्यातली पाण्याची दारे पाहिली. पुढे-मागे दोन दारे, मध्ये हौद. बोट हौदात शिरली की मागचे दार लावतात, पाणी भरून किंवा सोडून पुढच्या पातळीला आणतात, मग पुढचे दार उघडतात. तो दिवस मजेत गेला, पण संध्याकाळी त्या बायका लाल चेहऱ्यांनी हसत परत आल्या, तेव्हा मला चुकल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा निघाले.

त्या देशात चढ नाही, पण समोरून वारा सुटला म्हणजे घाट परवडला. सायकलीला रस्ता मात्र वेगळा, आणि चौकाचौकाला हिरवे आकडे. आकडे कागदावर लिहून घेतले की भाषा न येणारीही चुकत नाही. हे सुख आयते आलेले नाही. 1971 साली तिथे रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' या नावाने चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले.

पण मला सांगायचे आहे ते बांधांचे. स्कोनहोव्हनहून किंडरडाइककडे जाताना आमची वाट लेक नदीच्या बांधावरून होती. एका हाताला भरलेली नदी. दुसऱ्या हाताला पाहिले तर खाली घरे, आणि घरांची छपरे आमच्या पायांशी! नदी वर आणि गाव खाली. या देशाची सुमारे चतुर्थांश जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी उपसून काढले की तिथली कुजट माती आणखी खचते, म्हणून उपसा थांबवता येत नाही. किंडरडाइकला 1740 च्या सुमाराच्या पवनचक्क्या आहेत, एकूण एकोणीस. खालचे पाणी वर चढवायचे हे त्यांचे काम. आता ते विजेचे पंप करतात, पण दुसऱ्या महायुद्धात इंधन नव्हते तेव्हा चक्क्यांनीच गाव वाचवले. बहुतेक चक्क्यांत आजही कुटुंबे राहतात. घरात आनंद असला तर पाती एका तऱ्हेने थांबवतात, दुःख असले तर दुसऱ्या. किंडरडाइक म्हणजे मुलाचा बांध. 1421 च्या पुरात एक पाळणा वाहत आला, आत जिवंत मूल होते, आणि पाळणा कलंडू नये म्हणून एक मांजर इकडून तिकडे उड्या मारत होते, अशी कथा सांगतात.

मी तिथे सायकल टेकवून बसले ती उठेचना. माझ्या माहेरी खाडीलगत खाजणाचे शेत होते. मी सहावीत असताना अमावास्येच्या भरतीला बांध फुटला आणि खारे पाणी आत शिरले. पुढे तीन वर्षे त्या जमिनीत भाताची लोंबी धरली नाही. सातवीनंतर मी घरी राहिले त्याचे कारण ते. जावेला हे ठाऊक नव्हते. तिने विचारले, "वहिनी, गुडघा दुखतो का?" मी हो म्हटले.

त्या लोकांवरही वेळ आली होती. 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळाने समुद्राचे बांध फुटले आणि 1836 माणसे गेली. त्यानंतर त्यांनी कित्येक वर्षे खपून मोठमोठे बंधारे घातले. बांध आणि पाणी सांभाळायला त्यांची वेगळी मंडळे आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. पाणी चढले की बांधावर गस्त घालायला गावचे स्वयंसेवक ठरलेले असतात.

परत आल्यावर माहेरी गेले. बाबा आता अंगणातच बसून असतात. त्यांना फोटो दाखवले. पवनचक्क्या त्यांनी भराभर सरकवल्या. बांधाचा फोटो मात्र बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारले, "रात्रीची भरती असली तर उठते कोण?"

मी गस्तीचे सांगितले. पाळ्या लावलेल्या असतात, म्हटले.

"त्या रात्री मी एकटाच उठलो होतो," बाबा म्हणाले, आणि फोटो परत दिला.