शादलुईला सोडायला नको होतं



कबड्डीवरून आपल्या ग्रुपवर भांडण पेटलंय. ब्रह्मपुरीवाले म्हणतात, पुणेरी पलटणनं शादलुईला सोडलं तेच बरं. आम्ही वैनगंगेपलीकडचे वडसावाले म्हणतो, तिथंच संघ बुडाला.

२०२३ च्या लिलावात पलटणनं ५ कोटींपैकी २ कोटी ३५ लाख या एका इराणी बचावपटूवर घातले आणि १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून पहिल्यांदा चषक जिंकला. पुढच्या लिलावात तोच गडी २ कोटी ७ लाखांत हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणानं चषक उचलला, तोही बालेवाडीत! पलटण बाद फेरीतही नव्हती. अस्लम इनामदार जखमी झाला, मान्य. पण चढाईपटू बाहेर बसला की सामना बचावानंच ओढायचा असतो. आपल्याकडे मंडईच्या सामन्यांतही कोपऱ्यावर जुनाच गडी उभा करतात, ते काय उगाच?

राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा खेळतो. लीगमध्ये मात्र आपला संघ नाही, म्हणून पुण्यासाठी भांडायचं. तिथं खेळ मॅटवर चालतो, आपली पोरं अजून मातीत. तेव्हा आजच्या वर्गणीतून कमान नको, शाळेला मॅट घ्या. माझे पैसे मी त्याच अटीवर देतोय.