एच-बीटा फसवते तेव्हा

मी बेंगळुरूहून बोलतोय. इथे कोरमंगलात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे, वेणू बाप्पूंनी उभी केलेली. बाप्पू म्हटलं की सगळ्यांना विल्सन-बाप्पू परिणाम आठवतो. पण तो थंड ताऱ्यांसाठी. उष्ण ताऱ्यांवरचं त्यांचं काम कमी बोललं जातं, आणि मला तेच जास्त उपयोगी पडतं.

समजा दोन निळे तारे आहेत. रंग सारखाच, पण एक बटू आणि दुसरा महाराक्षसी. ओळखायचं कसं? हायड्रोजनच्या रेषेवरून. बटू ताऱ्याचं वातावरण दाट असतं. संध्याकाळी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बसतात तसे धक्के तिथे हायड्रोजनच्या अणूंना बसतात, ते शेजारच्या विद्युतभारित कणांचे. त्यामुळे रेषा पसरते. महाराक्षसी ताऱ्याचं वातावरण विरळ, म्हणून रेषा अरुंद.

ही रुंदी मोजायला दोन फिल्टर पुरतात, एक अरुंद आणि एक रुंद. दोन्हींचा मध्य एकाच रेषेवर, बहुधा एच-बीटावर, म्हणजे ४८६.१ नॅनोमीटरला. दोन्हींतून आलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर घ्यायचं. वाटेतली धूळ दोन्हींना जवळपास सारखंच मंद करते, म्हणून तिचा त्रास नाही. मला ही युक्ती फार आवडते.

पण बी-ई तारे इथे दगा देतात. हे वेगाने फिरणारे तारे. त्यांच्याभोवती वायूची तबकडी असते आणि ती त्याच रेषेत प्रकाश टाकते. काळी रेषा भरून निघते आणि साधा तारा महाराक्षसी वाटू लागतो. दोन प्रतींची चूक झाली तर अंतर अडीचपट येतं. सुरुवातीला मी असाच एक तारा त्याच्या गुच्छाच्या कितीतरी मागे नेऊन ठेवला होता.

उपाय असा: तबकडीचा प्रकाश एच-अल्फात सर्वांत ठळक, एच-बीटात कमी, एच-गॅमात आणखी कमी. म्हणून तेजस्विता ठरवायची ४३४ नॅनोमीटरच्या एच-गॅमावरून, आणि एच-अल्फा ठेवायची पहाऱ्याला. उष्ण ताऱ्यांच्या एच-गॅमाची प्रकाशविद्युत मोजणी बाप्पूंनी नैनितालच्या सहकाऱ्यांबरोबर केली होती. तो निबंध १९६२ सालचा.

तबकडी जोरात असेल तर एच-गॅमाही भरते. मग थांबावं लागतं, कारण तबकड्या येतात-जातात. शर्मिष्ठेतला मधला तारा बघा. १८६६ मध्ये सेक्कींना त्याच्यात उजळ रेषा दिसली. १९३७ च्या सुमारास तो बराच तेजाळला आणि थोड्याच वर्षांत फिका पडला.

म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक बी-ई ताऱ्यापुढे तारीख असते. एच-अल्फा आणि एच-गॅमा एकाच रात्री मोजलेल्या नसतील, तर ती नोंद मी अंतरासाठी वापरत नाही.