आयएसटी म्हणजे नक्की कोणाची वेळ?

मंडळी, मागच्या फेब्रुवारीत आमच्या साइटवरच्या एका फिटरची थकलेल्या पगाराबद्दल भारतातल्या एजंटशी व्हिडिओ कॉलवर बैठक ठरली. मेसेजमध्ये एवढंच: "सकाळी 11, आयएसटी." आम्ही इथं इस्रायलमध्ये अकराला फोन लावून बसलो. तेव्हा भारतात दुपारचे अडीच वाजले होते. "तुमचा माणूस आलाच नाही" म्हणून विषय बंद! चूक माझीही. डिप्लोमा झालेला मी, पण आयएसटी भारताचीही आणि इस्रायलचीही, हे डोक्यातच आलं नाही.

तर अक्षरांवर जाऊ नका. उलट विचारा, कुठल्या शहराचं घड्याळ? उत्तर लेखी घ्या. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने. इस्रायल हिवाळ्यात दोन तास पुढे, उन्हाळ्यात तीन. म्हणून भारताच्या वेळेतून हिवाळ्यात साडेतीन तास वजा करा, उन्हाळ्यात अडीच. ती बैठक इथल्या साडेसातची होती.

रात्रपाळीवाल्यांनो, हे नीट ऐका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता इथलं घड्याळ मागे एकवर येतं. शनिवारी रात्री सातला लागून पहाटे चारला सुटलात, तर घड्याळात नऊ तास, पण काम दहा तासांचं. मोबाइल आपोआप बदलतो, हजेरीपत्रक नाही बदलत. तो तास वहीत लिहा आणि त्याच सकाळी फोरमनची सही घ्या. मार्चमध्ये उलटं होतं, एक तास कमी भरतो. तोही खरा लिहा, म्हणजे ऑक्टोबरचा मागायला तोंड राहतं.