जमिनीखालचा आवाज

नोव्हेंबर २०१८मध्ये डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्या हिवाळ्यात धुंदलवाडी परिसरातली माणसं लेकराबाळांसह घराबाहेर झोपली. बहुतेक धक्के रिश्टर मापनावर चारच्या आतले. पण धक्क्याइतकीच धास्ती होती आवाजाची.

तो आवाज म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. भूकंपाच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगानं येतात आणि वर पोचल्या की हवेला हलवतात. भूकंप उथळ असेल तर त्यातली जलद कंपनं वाटेत विरून जात नाहीत. २० हर्ट्झच्या वरची असतील तर कानावर पडतात. घर हलवणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात. म्हणून आधी जमीन घुमते, मग मांडणीवरची भांडी वाजतात.

इथे मराठी फार कामाची आहे. गडगडाट, धडधडाट लांबत जातो. धाडकन, दणकन एका झटक्यात संपतं. केंद्र अगदी पायाखाली असलं तर दोन्ही लहरी जवळजवळ एकदम पोचतात, तेव्हा दणकनच होतं. ते लांब असलं तर आधी गडगड, मग हादरा. एवढी माहिती आपल्या एका शब्दात मावते!

चार्ल्स डेव्हिसन या इंग्रज भूकंपतज्ज्ञानं ब्रिटनमधल्या लोकांनी केलेली अशीच वर्णनं गोळा केली आणि त्यांचे गट पाडले: रस्त्यानं जाणारी गाडी, मेघगर्जना, वारा, दगडांची रास ओतणं, जड वस्तू पडणं, स्फोट. इंग्रजीतले ‘बूम’ आणि ‘रंबल’ हेही नादावरूनच घडलेले शब्द. अमेरिकेत कनेटिकट राज्यात मूडस नावाचं गाव आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ सांगतात, अभद्र आवाजांची जागा. तिथले भूकंपही लहान आणि उथळच.

सुरुंगाचं मात्र उलट. दीड-दोन किलोमीटरवरच्या खाणीत सुरुंग उडाला तर जमीन आधी थरथरते. हवेतून येणारा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाचा, तो काही सेकंदांनी पोचतो.

म्हणजे आवाज आधी आला की मागून, यावरून भूकंप की सुरुंग याचा अंदाज येतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. हादरा थांबला की मोकळ्यावर या, घरातल्यांची विचारपूस करा, आणि मग एका कागदावर लिहा: वेळ काय होती, आवाज आधी आला की मागून, गडगडत आला की धाडकन. वारली बोलीत जो शब्द तोंडी येईल तोच लिहा, आणि कागद तलाठ्याकडे द्या.