प्रकाश, उष्णता आणि औषध : कर्करोगावर अब्जांश कणांचा दुहेरी मारा



कर्करोगाची पेशी ही बाहेरून आलेली शत्रू नव्हे. ती आपल्याच शरीरातील, वाढीवरचे नियंत्रण सुटलेली पेशी असते. म्हणूनच केमोथेरपीचे औषध रक्तातून सर्वत्र पसरते तेव्हा केसांची मुळे, अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर यांतील निरोगी पेशींनाही ते इजा करते. डॉक्सोरुबिसिनसारख्या प्रभावी औषधाची एकूण मात्रा हृदयाला होणाऱ्या अपायामुळे मर्यादित ठेवावी लागते. तेव्हा प्रश्न केवळ नवे औषध शोधण्याचा नाही. हाती असलेले औषध योग्य जागी, योग्य वेळी मोकळे करण्याचाही आहे.

येथे अब्जांश तंत्रज्ञान साहाय्यास येते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. इतक्या सूक्ष्म सुवर्णकणांवर विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश पडला, की त्यांतील इलेक्ट्रॉन एकाच लयीत आंदोलित होतात आणि शोषलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. यास प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा निकट-अवरक्त प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन व पाणी फारसा शोषत नाहीत. त्यामुळे तो ऊतींत काही अंतर आत शिरू शकतो. कणांचा आकार व कवचाची जाडी यांचा मेळ घालून त्यांना नेमका हाच प्रकाश शोषावयास लावता येते.

अमेरिकेतील राईस विद्यापीठाच्या नाओमी हलास व जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच असलेल्या कणांनी उंदरांतील अर्बुदे तापवून दाखविली. याच कल्पनेचा पुढचा टप्पा म्हणजे कणासोबत औषधही पाठविणे. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पेशींतील प्रथिने बिघडू लागतात, डीएनए दुरुस्तीची क्षमता घटते आणि पेशीपटल अधिक पारगम्य होते. त्याच उष्णतेने मेदाच्या पुटिकेचे, म्हणजे लिपोसोमचे, आवरण सैल होऊन आतील औषध बाहेर पडते. उष्णता पेशीला दुबळी करते आणि औषध तिचा शेवट करते. शिवाय प्रकाश जेथे टाकला, तेथेच मुख्यतः हे घडते.

भारतानेही या क्षेत्रात पाऊल टाकले आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे नॅनो मिशन २००७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील अभिजित डे यांच्या गटांनी लिपोसोमवर सोने बसवून जैवविघटनशील कण तयार केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उंदरांतील अर्बुद लेसरच्या उष्णतेने नष्ट झाले. कण यकृतात विघटित होऊन पित्त व मूत्र यांवाटे बाहेर पडत असल्याचेही दिसले. सोने शरीरात साचून राहील काय, या शंकेला दिलेले हे महत्त्वाचे उत्तर होय.

तथापि, उंदीर बरा होणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे. प्रकाश काही सेंटिमीटरपलीकडे पोहोचत नाही; खोल अर्बुदापर्यंत प्रकाशतंतू न्यावा लागतो. शिरेतून दिलेल्या कणांपैकी बराच भाग यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. उष्णतेने उघडणाऱ्या, डॉक्सोरुबिसिनयुक्त लिपोसोमची यकृताच्या कर्करोगावरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१३ मध्ये उद्दिष्ट गाठू शकली नाही; तेथे उष्णतेचा स्रोत प्रकाश नसून रेडिओलहरी होत्या, हेही ध्यानात ठेवावे. उलट, सुवर्णकवच कणांचा १६ पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील प्राथमिक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे निष्कर्ष आशादायक ठरले. मात्र त्यात उपचार केवळ उष्णतेचा होता, औषधाचा नव्हता.

मित्रहो, 'कर्करोगावर विजय' असे मथळे वाचताना तीन प्रश्न विचारा : प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर? कण पुढे कोठे गेले? आणि प्रचलित उपचारापेक्षा रुग्णाचे आयुष्य वाढले काय? परीक्षेतील उत्तरासाठी हे प्रश्न उपयुक्त आहेतच. पण आशेने वाट पाहणाऱ्या रुग्णाशी प्रामाणिक राहण्यासाठी ते अधिक आवश्यक आहेत.